तिसऱ्या ओळीचा होकार

स्टॉकहोम, ८ फेब्रुवारी १९९८

प्रिय जैनाबाआत्या,

फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तू मला हसवतेस आणि मी मुद्दा विसरते. या वेळी मुद्दा पहिल्याच ओळीत लिहायचं ठरवलं होतं. ती ओळ तर गेली. असो.

सोबत वर्तमानपत्राचं कात्रण आहे. माझ्या रेकॉर्डबद्दल चांगलं लिहिलंय. म्हणजे बहुतेक चांगलं. मला सोल संगीताची ‘स्वीडिश’ गायिका म्हटलंय आणि स्वीडिशला अवतरणचिन्हं घातली आहेत, जणू तो शब्द कुणाकडून तात्पुरता मागून आणलाय. पण माझी तक्रार त्याबद्दल नाही. मी पेन्सिलीनं खूण केलेला भाग वाच.

गाण्याची ओळ संपली की मी ओठ जरा आवळून झटकन हवा आत ओढते ना, ‘श्शुप्’ अशी, तो म्हणे पश्चिम आफ्रिकेतल्या गायक घराण्यांचा पुरातन श्वास आहे, आणि तो मला गांबियातल्या आजीकडून मिळाला. रेकॉर्ड कंपनीच्या पोन्तुसनं रेकॉर्डबरोबर जे पत्रक वाटलं, त्यातून हे उचललंय. पोन्तुसला विचारलं, तर तो म्हणाला, “तुझ्या आत्यानंच तर सांगितलं. काय बाई आहे, तूवा. मी टिपून घेता घेता थकलो.”

आत्या, तू सांगितलंस का? मी आरोप करत नाही, फक्त विचारते. बाबा तर म्हणायचा की आपल्या सान्यांगांच्या घरात कुणाला चार सूर धड लागत नाहीत, आणि आजी बकाऊच्या किनाऱ्यावर मासे विकायची. मी त्याला गांबियाला पत्र टाकून विचारणार होते, पण त्याला उगीच काळजी लागेल, म्हणून आधी तुला विचारते.

लेख सगळ्यांनी वाचलाय. (सगळ्यांनी नसेल. इमारतीत खालच्या मजल्यावरच्या दोघींनी वाचलाय.)

तुझी,
तूवा

*

गोथेनबर्ग, १२ फेब्रुवारी

तूवा पोरी,

सांगितलं. मीच सांगितलं.

आता कसं झालं ते ऐक. मी अकरा नंबरची ट्राम सोडून नुकतीच ड्रायव्हरांच्या खोलीत बसले होते, हातात दालचिनीचा पाव, तेवढ्यात तुझ्या पोन्तुसचा फोन. आवाज काय गोड. म्हणाला, “तुमच्या घराण्यात गाणं कुठून आलं?” मी म्हटलं, “आलंच नाही.” तो गप्प. म्हणाला, “एखादं वाद्य?” म्हटलं, “नाही हो.” पुन्हा गप्प. असा दुःखी गप्प की मला दया आली. मग अगदी हळू म्हणाला, “काहीच नाही का?”

आता मला सांग, सकाळपासून माणसं चढवते उतरवते आहे, एक जण डोळ्याला डोळा देत नाही, आणि हा मुलगा माझ्या आईबद्दल विचारतोय. मी म्हटलं, “माझी आई श्वास फार वेगळा घ्यायची.” “कसा?” मी फोनमध्ये काढून दाखवला. पलीकडे पेन शोधण्याची अशी धडपड ऐकू आली की काय सांगू.

यात खोटं कुठे आहे? आईला दमा होता. तो श्वास वेगळाच असतो. त्यानं दम्याचं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाकी ‘पुरातन’ वगैरे त्याच्या घरचं.

आणि तुला एवढं लागायचं कारण काय? आई असती तर तिला मजाच वाटली असती. आयुष्यभर मासे विकले बिचारीनं, आता ती घराणं झाली. आमच्यात इतकं खरं बोलणारं कुणी नव्हतं बाई. हे त्या उत्तरेकडच्या मावशीचं वळण. मी तिला एकदाच पाहिलंय, तुझ्या आईच्या दफनाला. मी तिला मिठी मारली, तर ती ओंडक्यासारखी ताठ उभी राहिली आणि नंतर मला स्वच्छ रुमाल दिला.

आता तूच सांग. आईकडून नाही, तर मग तो श्वास आणलास कुठून? मला तर वाटायचं, सर्दी आहे.

तुझी लबाड आत्या,
जैनाबा

*

स्टॉकहोम, १५ फेब्रुवारी

प्रिय एल्नामावशी,

तू बरी आहेस ना? बर्फ किती आहे? छपरावर चढू नकोस, शेजारच्यांना सांग.

माझं ठीक चाललंय. लोक गाणं ऐकायला येतात. मागे मी रेस्टॉरंटात गायचे तेव्हा लोक जेवता जेवता ऐकायचे, आता ऐकायलाच येतात, त्यामुळे चुकलं की लगेच कळतं. कंपनी दुसरी रेकॉर्ड काढायचं म्हणतेय. मी पाठवलेली पहिली पोचली का?

फोन करणार होते, पण मागच्या वेळी तुला विचारलं, “ऐकू येतंय का?” आणि तू तुझ्या पद्धतीनं हो म्हणालीस, आणि मला वाटलं लाइन गेली. मी फोन ठेवला. नंतर किती वाईट वाटलं.

गेल्या रविवारचं वर्तमानपत्र तुमच्याकडे उशिरा पोचत असेल. आलं तर न वाचता चूल पेटवायला घेतलंस तरी चालेल. त्यात विशेष काही नाही.

(हे वाक्य पूर्ण खरं नाही. पण पुढच्या पत्रात लिहीन.)

तुझी,
तूवा

*

ग्रानलिडेन, २० फेब्रुवारी

तूवा,

बर्फ खिडकीपर्यंत. छपरावरचा मी काढला.

वर्तमानपत्र आलं. वाचलं. फोटो बरा आहे. कोटाची वरची गुंडी तुटली आहे, ती लावून घे.

रेकॉर्ड पोचली. चर्चच्या सभागृहातल्या यंत्रावर लावली. दोनदा ऐकली.

एल्ना

*

स्टॉकहोम, २३ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

मावशीनं लेख वाचला आणि त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नाही. रेकॉर्ड दोनदा ऐकली आणि कशी वाटली ते लिहिलं नाही. गुंडीबद्दल लिहिलं. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. (थोडं गेलं.)

तू विचारलंस म्हणून सांगते. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण कुणी विचारलंच नाही. तो श्वास मावशीचा आहे.

म्हणजे तिचा एकटीचा नाही. ग्रानलिडेनमध्ये, आणि तिथून पार वरपर्यंत, लोक ‘हो’ म्हणत नाहीत. हवा आत ओढतात. ‘श्शुप्’ झालं की समजायचं, हो. दुकानात, चर्चमध्ये, डॉक्टरकडे, सगळीकडे. लग्नात पाद्री विचारतो तेव्हाही एकदा असंच झालं आणि त्यानं पुन्हा विचारलं, कारण तो दक्षिणेकडचा होता.

आई गेल्यावर बाबानं मला मावशीकडे सोडलं आणि तो जहाजावर परत स्वयंपाकाला गेला. मी चार वर्षांची होते. मावशी चर्चमध्ये पायपेटी वाजवायची, गायकवृंद तीच शिकवायची. मला घरी शिकवायला लागली. ती कधी ‘छान’ म्हणाली नाही. ओळ चुकली तर ती गप्प राहून खिडकीबाहेर बघायची, आणि मी ती ओळ पुन्हा म्हणायची. ओळ बरोबर आली की तिचा श्वास यायचा. मग पुढची ओळ. माझं सगळं शिक्षण एवढंच आहे.

एकोणिसाव्या वर्षी स्टॉकहोमला आले. पहिल्यांदा एकटी गायले तेव्हा ओळ संपली आणि पुढे काहीच ऐकू आलं नाही. समोर माणसं होती, टाळ्याही झाल्या, पण ते नव्हतं. मला पुढची ओळ म्हणता येईना. म्हणून मी तो श्वास स्वतःच घेतला. तेव्हापासून घेते.

आता गंमत बघ. इथे ख्रिसमसच्या पार्टीत उत्तरेकडच्या माणसाची नक्कल करायची तर सगळे हेच करतात. पोन्तुससुद्धा करतो, आणि चांगली करतो. पण माझ्या तोंडून तोच श्वास आला की त्यांना आफ्रिका ऐकू येते. माझ्याकडे बघून ऐकतात ना.

आणि पोन्तुसला दुसऱ्या रेकॉर्डचं नाव ‘आजीचा श्वास’ ठेवायचंय. ईस्टरनंतर सही करायची आहे. सही केली तर मावशीचं नाव पुसून त्या जागी आजीच्या दम्याचं नाव लिहिल्यासारखं होईल. नाही केली तर दुसरी रेकॉर्ड होईल असं मला वाटत नाही. मी पोन्तुसला खरं सांगणार आहे. या आठवड्यात. किंवा पुढच्या.

तूवा

*

गोथेनबर्ग, २६ फेब्रुवारी

तूवा पोरी,

तुझं पत्र ट्राममध्ये वाचलं. शेवटच्या स्टॉपवर, गाडी उभी असताना, काळजी करू नकोस. त्या लग्नापाशी आले आणि अशी हसले की मागचा म्हातारा उठून विचारायला आला, गाडी बिघडली का म्हणून.

पोन्तुसला सांग, जरूर सांग. फक्त एक कर. पंधरा दिवस थांब.

झालं असं की तो लेख वाचून एका लोकशाळेनं मला बोलावलंय. गाणं शिकणारी मुलं आहेत, त्यांना ‘आजीचा श्वास’ शिकवायचा. एक दिवसाचा कोर्स. मी हो म्हणून बसले. आयुष्यात मला कुणी काही शिकवायला बोलावलं नव्हतं. ट्राम चालवायला शिकवलं असतं, तर म्हणतात तुझा उच्चार कळत नाही.

शाळा कुठे आहे ते ऐकून ओरडू नकोस. विंडेल्न. नकाशात बघितलं, तुझं ग्रानलिडेन तिथून हाकेच्या अंतरावर आहे.

म्हणजे, तुझ्या पत्राप्रमाणे, मी त्या लोकांना त्यांचंच ‘हो’ शिकवायला चालले आहे. हे ऐकल्यावर तर न जाणं शक्यच नाही.

तुझी प्राध्यापक,
जैनाबा

*

ग्रानलिडेन, ११ मार्च

तूवा पोरी,

वरचा पत्ता बरोबर आहे. तुझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. ती बाहेर लाकडं फोडतेय, मला हात लावू देत नाही.

“आत्या, कृपा करून जाऊ नकोस” हे तुझं पत्र मी निघताना दारात मिळालं. वाचलं आणि गाडीत बसले.

वर्ग कसा झाला ते सांगते. सगळी पोरं फिक्या केसांची, नुसत्या मोज्यांत बसलेली, बूट दाराशी ओळीनं. मी पिवळा झगा घातला होता, आत दोन स्वेटर. शिक्षिकेनं माझी ओळख करून दिली ती ऐकून मलाच माझ्याबद्दल आदर वाटला. मग मी उभी राहिले आणि विचारलं, “मागच्यांना ऐकू येतंय का?”

श्शुप्. सगळ्या वर्गानं एकदम.

“माझी आई समुद्रकाठी मासे विकायची. मी सावकाश बोलू का?”

श्शुप्.

तूवा, मी शिकवायला लागायच्या आत वर्ग पास झाला होता. आणि त्यांना पत्ताच नव्हता. मी तोंड वळवून फळा पुसला. फळ्यावर काही नव्हतं, तरी पुसला. पाच मिनिटं मला वळता आलं नाही.

मागच्या बाकावर एक उंच म्हातारी बसली होती, लोकरीची टोपी घालून. ती हात वर करून उभी राहिली.

“तुमच्या आई घ्यायच्या तसा श्वास काढून दाखवा.”

दाखवला.

“पुन्हा.”

पुन्हा दाखवला. ती थोडा वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, “हा दमा आहे. माझ्या नवऱ्याला होता. तुमच्या आईंचा धुरानं वाढायचा का?”

“फार वाढायचा,” मी म्हटलं.

“धुरानं वाढतोच,” ती म्हणाली आणि खाली बसली. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं.

तेव्हा मला तो रुमाल आठवला. वर्ग सुटल्यावर तिच्याजवळ गेले. म्हटलं, “तुम्ही एल्ना ना?”

श्शुप्.

मग मला घरी घेऊन आली. गाडीत एक शब्द नाही. इथे कॉफीत चीजचे तुकडे टाकून देतात, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. मी तीन कप प्याले आणि तळाचं चीज चमच्यानं खाल्लं. ती बघत होती. चौथा कप न विचारता भरला. मला वाटतं, आमचं जमलं.

मग मी धीर करून विचारलं, “एल्नाताई, त्या लेखानं तुम्हाला वाईट वाटलं का?”

तिनं खिडकीबाहेर पाहिलं. बराच वेळ. तू लिहिलं होतंस तसंच. मग म्हणाली, “मला तूवाशी तिसऱ्या ओळीबद्दल बोलायचं आहे.”

“कुठली तिसरी ओळ?”

“तिला कळेल.”

यापुढे काही सांगेना. आता तुझं तू बघ. मी उद्याच्या गाडीनं निघते. जावंसं वाटत नाही.

जैनाबा

*

स्टॉकहोम, १६ मार्च

प्रिय मावशी,

आत्याचं पत्र मिळालं. तिसरी ओळ मला कळली. पोन्तुसच्या पत्रकात तिसऱ्याच ओळीत लिहिलंय की हा श्वास मला आफ्रिकेतून मिळाला. मी ती लिहिलेली नाही, पण छापायच्या आधी वाचायला हवी होती. मागितली नाही, ही माझी चूक.

तू मला वाढवलंस, शिकवलंस, आणि सगळ्या देशात छापून आलं की मला शिकवलं ते दुसऱ्याच कुणीतरी. तू रागावली असशील तर तसं लिही. गुंडी लावली आहे. मावशी, एकदा तरी शब्दांत उत्तर दे. तू गप्प राहिलीस की मला वाटतं, मी पुन्हा सुरुवातीपासून म्हणायला हवं, आणि या वेळी काय म्हणायचं ते मला माहीत नाही.

तूवा

*

ग्रानलिडेन, २१ मार्च

तूवा,

पत्रकाची तिसरी ओळ मी वाचलेली नाही. मी गाण्याबद्दल बोलत होते.

रेकॉर्डवरचं दुसरं गाणं, ‘उशिराची बोट’. तिसऱ्या ओळीत वरचा सूर खाली लागला आहे. फार नाही. पण खाली आहे. आणि त्याच्यानंतर तू होकार दिला आहेस. तिथे मी दिला नसता.

दुसऱ्यांदा ऐकली ती माझीच चूक नाही ना, हे बघायला.

श्वासाचं म्हणशील तर तो माझा नाही. इथे सगळेच घेतात, कुणाचा म्हणून विचारत नाहीत. कुणी तो आफ्रिकेचा म्हटल्यानं इथला कमी होत नाही. जैनाबाच्या आईला तो मिळाला असता तर मला आनंद झाला असता, दमा असताना तेवढाही श्वास मिळत नाही. पण न मिळालेला होकार आपणच घ्यायचा नसतो. ते मी तुला शिकवलं नव्हतं.

तू लहान असताना एकच ओळ म्हणून म्हणून रडायचीस. तेव्हा मी खिडकीबाहेर बघायचे. बाहेर बघण्यासारखं काही नसायचं. तुझ्याकडे बघितलं असतं तर होकार दिला गेला असता.

ईस्टरच्या सोमवारी सभागृह मोकळं आहे. मी सांगून ठेवलं आहे.

जैनाबा फार बोलते. ती गेल्यापासून घर फार शांत आहे. तिला चीज पाठवलं आहे.

एल्ना

*

स्टॉकहोम, २६ मार्च

प्रिय आत्या,

मी ते गाणं पुन्हा ऐकलं. सूर खाली आहे. रेडिओवर गेले तीन महिने वाजतंय, वर्तमानपत्रानं त्याच ओळीला ‘काळीज चिरणारी’ म्हटलंय, आणि सूर खाली आहे. मला रडू यायला हवं होतं. उलट वर्षभरात पहिल्यांदा शांत झोप लागली. कुणीतरी नीट ऐकलं होतं.

मग मी पोन्तुसला सांगितलं. सगळं. आजीचा दमा, मावशीचा होकार. तो डोळे मिटून ऐकत होता. मग म्हणाला, “तूवा, तू फार नम्र आहेस.”

“नम्र नाही. खरं सांगतेय.”

“उत्तरेकडच्यांचा श्वास मला ठाऊक आहे. दर ख्रिसमसला मी नक्कल करतो.” करून दाखवली. “हा झाला त्यांचा. आता तुझा घे.”

मी घेतला. आत्या, दोन्हींत तिळाएवढा फरक नव्हता.

“बघ,” तो म्हणाला, “तुझ्यात वाळवंट आहे.”

मी म्हटलं, बकाऊला वाळवंट नाही, किनारा आहे. तो म्हणाला, तेच ते.

मग मी सांगून टाकलं की ते नाव मी छापू देणार नाही, आणि ज्यांचा श्वास आहे त्यांचंच नाव रेकॉर्डच्या पाठीवर आलं पाहिजे. आणि यापुढे मी स्वतः तो घेणार नाही. हे ऐकून मात्र त्याचा चेहरा उतरला. म्हणाला, श्वास नसेल तर दुसरी रेकॉर्ड कशावर काढायची. शेवटी ठरलं, तो ईस्टरला ग्रानलिडेनला येणार, ध्वनिमुद्रणाचं सामान घेऊन. मी तिथे गाईन, श्वासाशिवाय. ऐकून तो काय ते ठरवेल.

मी स्वतः होऊन हे मान्य केलं, असं लिहायचं होतं. खरं म्हणजे बाहेर पडल्यावर माघार घ्यायला मी दोनदा परत वळले. तू येशील ना?

तूवा

*

ग्रानलिडेन, १४ एप्रिल

प्रिय आत्या,

ईस्टरला ट्राम चालवायला लावणाऱ्या माणसाचं नाव मला कळव. तू इथे हवी होतीस. मावशीनं तुझी खुर्ची रिकामी ठेवली होती आणि कुणी बसायला लागलं की नुसती त्याच्याकडे बघत होती.

सगळा गाव आला. बूट दाराशी, मांडीवर टोप्या, चेहऱ्यावर काही नाही. तुझ्या वर्गातली पोरंही आली होती, वह्या घेऊन. पोन्तुस भिंतीशी कानाला यंत्र लावून उभा होता. माझ्या कानात म्हणाला, “हे लोक जिवंत आहेत ना?”

मावशी सभागृहातल्या शेकायच्या चुलीजवळच्या खुर्चीवर.

मी रेकॉर्डवरचं दुसरं गाणंच, ‘उशिराची बोट’, आधी घेतलं. भीती आधी संपवलेली बरी. पहिली ओळ म्हटली आणि थांबले. श्वास घेतला नाही. ती जागा रिकामी सोडली. ती किती मोठी आहे ते मला तोवर माहीत नव्हतं.

आणि समोरून आला. श्शुप्. पहिल्या रांगेतून शेवटपर्यंत, सगळ्या सभागृहातून, जणू इमारतीनंच हवा आत घेतली. त्यांनी ठरवलं नव्हतं, आत्या. ओळ बरोबर होती, त्यांनी हो म्हटलं, एवढंच.

दुसरी ओळ. पुन्हा.

तिसरी. वरचा सूर. लोकांनी हो म्हटलं. पण चुलीजवळून काही आलं नाही. एवढ्या श्वासांतून एक श्वास नाही हे कसं कळलं विचारशील, तर मी तो चार वर्षांची असल्यापासून ऐकते आहे. मी बघितलं. मावशी खिडकीबाहेर बघत होती.

मी थांबले. साथीला बसलेला पेटीवाला दोन स्वर पुढे जाऊन थांबला. पोन्तुस हातानं ‘चालू दे, चालू दे’ करत होता. मी तिसरी ओळ पुन्हा म्हटली. या वेळी लोकही गप्प बसले, त्यांनीही मावशीकडे बघितलं. बहुतेकांना तिनंच गाणं शिकवलंय, त्यांना ती खिडकी माहीत आहे. मावशी बाहेरच बघत होती. मी घशाचा विचार सोडला, रेकॉर्डचा सोडला, आणि तिसऱ्यांदा म्हटली, जशी स्वयंपाकघरात म्हणायचे तशी.

श्शुप्. एकटी. चुलीजवळून. आणि लगेच सगळं सभागृह, जणू सगळ्यांनी तोवर श्वास धरूनच ठेवला होता.

पुढचं गाणं मला आठवत नाही. मावशी म्हणते, शेवटच्या ओळीचं बोलायला हवं, पण ते नंतर.

संपल्यावर पोन्तुस आला. चेहरा पांढराफटक. म्हणाला, “हे सगळं मुद्रित झालंय. रेकॉर्ड हीच. इथलीच. पण तूवा, या लोकांना हा श्वास कसा येतो?”

मी म्हटलं, “जन्मापासून येतो. मी तुला सांगितलं होतं.”

“थट्टा नको. मी उत्तरेकडचा श्वास ओळखतो. हा तो नाही. हा तर तुझा आहे.”

“हा त्यांचाच आहे, पोन्तुस. मी यांच्याकडून घेतला.”

“तूवा. खरं सांग.”

आत्या, मी दोनदा खरं सांगितलं होतं. स्टॉकहोमचं धरलं तर तीनदा. माझ्याजवळचं खरं संपलं होतं. मी म्हटलं, “माझ्या आत्यानं मार्चमध्ये इथल्या लोकशाळेत कोर्स घेतला होता.”

यात एकही शब्द खोटा नाही. मी नंतर तपासून पाहिला.

पोन्तुसचा जीव भांड्यात पडला. “असं होय,” तो म्हणाला, “मग यांची नावं रेकॉर्डच्या पाठीवर यायलाच हवीत. एवढ्या थोड्या दिवसांत काय तयारी केली आहे त्यांनी.” आणि तिथेच माझ्यासमोर कागदावर लिहिलं: श्वास, ग्रानलिडेनची मंडळी. नाव ‘उशिराची बोट’. आजीचं काही नाही. मी दोनदा वाचून सही केली.

मग भीत भीत वळले. मावशी मागेच उभी होती, हातात कॉफीची किटली. तिनं सगळं ऐकलं होतं. जिनं मला वाढवलं, जिनं आयुष्यात एकाही उतरलेल्या सुराला माफ केलं नाही, ती. मी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. ती खिडकीबाहेर बघत नव्हती.

पोन्तुसनं तिला विचारलं, “बाई, तुम्हीही होता का त्या कोर्सला?”

श्शुप्.

तुझी,
तूवा